हिरू आणि उलट्या पावलांची साळू

डोंगराच्या पायथ्याशी, करवीच्या हिरव्यागार जाळीला खेटून पळसपाडा नावाचा एक इवलासा पाडा होता. घरं मोजून सात. सातव्या घराला दार नव्हतं, दाराच्या जागी बांबूचा तट्ट्या होता, आणि त्या तट्ट्याआड हिरू आपल्या आईबरोबर राहायची. हिरू नऊ वर्षांची. तिचे डोळे जांभळासारखे टपोरे, आणि फ्रॉक एकच, निळा, त्यालाही खांद्यावर पिवळं ठिगळ.

हिरूचे बाबा ती रांगत होती तेव्हाच तापाने गेले. आई दुसऱ्यांच्या शेतावर राबायची आणि उरलेल्या वेळात रानाच्या कडेला असलेल्या स्वतःच्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीत रताळी लावायची. पण त्या वर्षी पाऊस सरता सरता आई बांधावरून घसरली आणि तिचा पाय मुरगळला. घोटा गाडग्यासारखा सुजला. वैदूने निर्गुडीचा पाला बांधून दिला आणि सांगितलं, "होळीपर्यंत हा पाय भुईला टेकवायचा नाही."

होळीला अजून पुष्कळ महिने होते. मग पाणी भरायचं हिरूने, लाकडं आणायची हिरूने, भाकरी थापायची हिरूने. तिच्या भाकऱ्या वेड्यावाकड्या व्हायच्या. आई त्या कौतुकाने खायची आणि भिंतीकडे तोंड करून गुपचूप डोळे पुसायची.

आणि नेमकं तेव्हाच रताळ्यांच्या सऱ्यांमध्ये कुणीतरी येऊ लागलं. सकाळी पाहावं तर माती उकरलेली, वेल उपटलेले आणि अर्धी कुरतडलेली गुलाबी रताळी इकडेतिकडे पडलेली. तीन सऱ्या गेल्या. उरल्या पाच. पुढे हिवाळाभर मायलेकींनी जे खायचं, ते त्या पाच सऱ्यांतच होतं.

शेजारचे लहानूकाका आले, वाकले, मातीतला एक लांब काटा त्यांनी उचलला. काळा, पांढरा, पुन्हा काळा, पुन्हा पांढरा असा तो पट्ट्यापट्ट्यांचा काटा उन्हात चकाकत होता.

"साळू," काका म्हणाले. "कुणी साळिंदर म्हणतं, कुणी सायाळ. हिरू, राखणीला बसशील तर माळ्यावरून खाली उतरू नकोस. ती बाण मारते. दहा पावलांवरून नेम धरून डोळ्यात मारते."

"तुम्ही पाहिलंय काका?"

"मी कशाला पाहू? सगळ्या पाड्याला ठाऊक आहे."

काकांनी पट्टीच्या कडेच्या झाडावर हिरूला बसायला एक छोटा माळा बांधून दिला. माणूस मोठा मायाळू होता.

त्या संध्याकाळी हिरू ओहळावर पाणी आणायला गेली. सूर्य डोंगराआड चालला होता आणि सगळं रान केशरी झालं होतं. दोन झुडपांच्या मध्ये कोळ्याने आपलं रेशमी जाळं विणलं होतं, आणि त्यात काहीतरी लुकलुकत होतं, फडफडत होतं. हिरूला वाटलं, चतुर अडकला असेल. जाळं एका फटक्यात तोडता आलं असतं. पण कोळीही बिचारा कोपऱ्यात अंग चोरून बसला होता, आणि जाळं म्हणजे त्याचं घर. म्हणून हिरूने गवताची काडी घेतली आणि एकेक तंतू हलक्या हाताने सोडवला.

तो चतुर नव्हताच. तिच्या तळहातावर बोटाएवढी एक परी बसली होती! तिच्या पंखांत सगळे रंग होते, मोराच्या गळ्याचा निळा, हळदीचा पिवळा, कोवळ्या पानाचा पोपटी. केसांत दवाचे चिमुकले थेंब माळलेले होते. ती हलली की ते थेंब किणकिणायचे.

"किती हळू सोडवलंस गं," परी म्हणाली. "मी या रानाची परी, दहिवरी. दव पडतं ना, ते मी शिंपडते. तुझं नाव काय?"

"हिरू."

"हिरू, तू माझ्याकडे तीन गोष्टी मागू शकतेस. आज, उद्या आणि परवा. एका संध्याकाळी एकच. दिवस मावळल्यापासून पहिली चांदणी ठळक होईपर्यंत मला हाक मारायची, रानात जिथे असशील तिथून. पण एक नियम आहे. तू स्वतःच्या डोळ्यांनी जे पाहिलं आहेस, त्याबद्दलच मागायचं. ऐकीव गोष्टीबद्दल मागशील, तर ती मागणी वाया जाईल."

आईचा पाय! हिरूच्या ओठांवर तेच आलं होतं. पण रानात अंधार दाटत चालला होता, आणि आज पहिल्यांदाच तिला एकटीने राखण करायची होती. पायाचं उद्या मागू, असं तिने ठरवलं.

"दहिवरी, त्या साळूचे बाण आजपासून सुटू देऊ नकोस."

परीचे पंख जरा फिके पडले. "साळूला बाण मारताना तू पाहिलंस?"

"लहानूकाकांनी सांगितलं."

"मग ही मागणी गेली, बाळा. साळू बाण मारतच नाही. जे सुटतच नाही, ते मी थांबवू कसं?"

हिरूचा चेहरा एवढुसा झाला. पण परी रागावली नव्हती. "आज नीट बघ," एवढंच म्हणाली आणि केशरी उजेडात मिसळून गेली.

मग हिरूने नीट पाहिलं. माळ्यावर पाय पोटाशी घेऊन, श्वास रोखून ती बसली. चंद्र वर येतो न येतो तोच रानातून सूं सूं आवाज आला. आधी नाक दिसलं, गोल, आखूड, मातीत हुंगत चालणारं. मग डोक्यावरची ताठ शेंडी. मग पाठीवर मिटवून घेतलेले ते लांबच लांब काटे, चांदण्यात रुपेरी दिसणारे. साळू! तिच्या मागोमाग तेवढाच मोठा तिचा जोडीदार.

रताळ्यांच्या पट्टीभोवती दगडांचा हातभर उंच बांध होता. साळू बांधाशी आली आणि थांबली. तिने उडी मारली नाही, ती वर चढलीही नाही. नाक लावून बांधाच्या कडेकडेने चालत राहिली, आणि जिथे चार दगड ढासळले होते त्या खिंडारातून आत शिरली. जोडीदारही तिथूनच आला. मग दोघं पुढच्या पायांनी भराभरा माती उकरू लागली. दात केवढाले, आणि रंगाने चक्क नारिंगी.

हिरूने पत्र्याचा डबा बडवला. ढण ढण ढण!

त्यासरशी साळूने अंग फुलवलं. सगळे काटे उभे राहिले आणि ती दुप्पट मोठी दिसू लागली. तिच्या शेपटीवर आखूड, पोकळ काट्यांचा एक झुबका होता. तो तिने खळाखळा वाजवला, जणू पैंजणच. हिरूने घाईने डोळे झाकले. पण बाण काही आला नाही. बोटांच्या फटीतून तिने पाहिलं, तर दोघं आल्या वाटेने खिंडारातून तुरूतुरू निघून जात होती.

"नुसतं घाबरवते की ही!" हिरू स्वतःशीच म्हणाली आणि तिला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दव वाळायच्या आत ती पावलांच्या मागावर गेली. करवीच्या जाळीत, एका मोठ्या खडकाखाली साळूचं बीळ होतं. तोंडाशी उकरलेल्या मातीचा ढीग, चार गळालेले काटे आणि सांबराचं एक जुनं शिंग. शिंगावर दातांच्या बारीक खुणा होत्या, कुणीतरी रोज कुरतडत असल्यासारख्या. खडकाला वळसा घातला तर मागच्या बाजूला पानांआड बिळाचं दुसरं तोंड सापडलं. म्हणजे घराला पुढचं दार होतं आणि मागचंही होतं. आमच्या घराला एकही दार नाही, हिरूच्या मनात आलं.

संध्याकाळ होताच ती परीला हाक मारायला रानाकडे निघाली. आज आईच्या पायाचं मागायचं! वाटेत तिला लहानूकाकांचा कुत्रा दिसला, लांड्या. शेपूट तुटकं, पण रुबाब वाघाचा. तो नाक खाली घालून कसल्या तरी वासावर पळत होता आणि काका त्याच्यामागून येत होते.

पुढे पायवाटेवर साळू उभी होती.

लांड्या भुंकला. साळूने काटे उभारले, शेपटी खळखळवली. लांड्या आणखी जवळ गेला. तिने मागचा पाय दाणदाण आपटला आणि गुरगुरली. एवढ्यावर शहाणा कुत्रा मागे फिरला असता, पण लांड्याने झेप घेतली. तेव्हा साळू गर्रकन वळली, त्याच्याकडे पाठ केली आणि उलट्या पावलांनी धावत सुटली, थेट त्याच्या अंगावर! क्षणभरात सगळं संपलं. साळू जाळीत दिसेनाशी झाली आणि लांड्या मातीत लोळून केकाटू लागला. त्याच्या नाकात तीन, जिभेखाली एक आणि पंज्यात एक काटा रुतला होता.

काकांनी धावत जाऊन त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांनी एक काटा ओढला, तर तो मधेच मोडला आणि टोक आतच राहिलं. लांड्याच्या तोंडातून रक्त गळू लागलं. काका हिरूकडे वळले.

"आता हा खाणार कसा गं? पाणी कसं पिणार?"

लांड्या हिरूकडे बघत होता. थंडीत तो हिरूच्या तट्ट्याशी येऊन झोपायचा, तट्ट्याच्या आतल्या बाजूने आईचं अंथरूण त्याच्या पाठीला टेकलेलं असायचं. वर आभाळात पहिली चांदणी फिकट फिकट उमटली होती.

"दहिवरी," हिरू हळूच पुटपुटली, "लांड्याच्या अंगातले काटे निघू देत. ते कसे रुतले, मी स्वतः पाहिलंय."

गवतावर दवाचा एक शिडकावा झाला. एकेक करून उरलेले चारही काटे निघून खाली पडले, आणि ते मोडकं टोकसुद्धा. लांड्याने जीभ बाहेर काढली, आत घेतली आणि काकांचं तोंड चाटायला सुरुवात केली.

काकांना वाटलं, सुटले आपसूक. पण त्यांच्या डोळ्यांत राग उतरला होता. "बस झालं. तुझी रताळी खाल्ली, आता माझ्या कुत्र्यावर आली. उद्या तिच्या मागावर जाऊन बिळात मिरचीची धुरी देतो. तू काळजी करू नको पोरी, उद्यापासून तुझं शेत मोकळं."

शेत मोकळं व्हायला तर हिरूलाही हवंच होतं. "काका, पण लांड्याच आधी अंगावर गेला ना? तिने दोनदा सांगितलं त्याला."

"कुणी सांगितलं?"

"साळूने."

काका हसले, लांड्याला त्यांनी खांद्यावर टाकलं आणि ते घराकडे वळले.

तिसऱ्या दिवशी हिरूचं कशातच लक्ष लागेना. भाकरी करपली. आईने विचारलं, "काय गं, काय झालं?" हिरूने परीचं, लांड्याचं, धुरीचं सगळं सांगून टाकलं. आई म्हणाली, "माझा पाय काय, होळीला बरा होईलच. तुला जे बरोबर वाटेल ते माग, बाय. माझ्यासाठी अडून राहू नकोस."

दिवस कलला आणि वाऱ्यावर तिखट वास आला. हिरू कळशी टाकून धावत सुटली.

खडकापाशी काका आणि पाड्यातले दोघेजण उभे होते. तोंडाला फडकी बांधलेली, हातात काठ्या. बिळाच्या पुढच्या तोंडाशी ओला पाला आणि सुक्या मिरच्या धुमसत होत्या आणि सुपाने वारा घालून ते धूर आत लोटत होते.

"हिरू, मागे हो! आता बाहेर येतील!"

हिरू मागे झाली, पण खडकाला वळसा घालून. मागच्या दाराशी जाऊन पाहते तर काय, काकांनी तेही दगड रचून बुजवलं होतं. तिने दगड उपसायला सुरुवात केली. नखं मोडली, हात सोलवटले, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. शेवटचा दगड निघाला तेव्हा ती पोटावर आडवी झाली आणि तिने आत डोकावलं.

आत साळू होती, आणि तिच्या पोटाशी दोन पिल्लं होती! वांग्याएवढी. त्यांचे काटे अजून मऊ होते, केरसुणीच्या काड्यांसारखे. पिल्लं खोकत होती. जोडीदार त्यांच्यापुढे आडवा उभा राहून धुराकडे पाठ फुलवत होता. पण धुराला काटे टोचत नाहीत.

साळूची शेपटी खळखळली. आता हिरूला त्याचा अर्थ ठाऊक होता. ती सावकाश मागे सरकली, खडकाला पाठ लावून उभी राहिली, आणि तिने हातसुद्धा हलवला नाही.

आधी साळू बाहेर आली. हिरूपासून हातभर अंतरावर थांबली, नाक वर करून तिने हुंगलं. काटे निम्मे उभे राहिले आणि पुन्हा मिटले. मागून जोडीदार आला. पण पिल्लं येईनात. धूर आता दाट होऊन दोन्ही तोंडांतून भसाभस निघत होता, आणि साळू दाराशी येरझारा घालत कण्हत होती.

हिरूने वर पाहिलं. चांदणी ठळक व्हायला आली होती. ही तिची शेवटची मागणी होती. आईचा सुजलेला घोटा तिच्या डोळ्यांपुढे आला. तिने डोळे घट्ट मिटले, पुन्हा उघडले.

"दहिवरी! पिल्लं मी पाहिली आहेत. धूरही पाहिलाय. तो धूर बिळातून उलटा जाऊ दे!"

झुळूक फिरली. गार, ओली, दवाचा वास असलेली. बिळातला धूर मागे सरकला, पुढच्या तोंडातून बाहेर पडला आणि आभाळात निळ्या दोरीसारखा सरळ चढत गेला. मग मागच्या दारातून एक पिल्लू आलं, शिंकत. त्याच्यामागून दुसरं.

तेवढ्यात काका काठी घेऊन वळसा घालून आले. हिरूला साळूच्या एवढ्या जवळ पाहून ते जागच्या जागी गोठले.

"पोरी! बाण मारेल ती!"

"नाही मारत, काका. तुम्ही नुसते उभे राहा. हलू नका."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. काका उभे राहिले. साळूने दोन्ही पिल्लांना मध्ये घेतलं, जोडीदार मागे झाला, आणि चौघांची ती मिरवणूक काकांच्या अगदी पायाजवळून शांतपणे निघून गेली. एका पिल्लाचा मऊ काटा त्यांच्या घोट्याला चाटून गेला. काकांची काठी हळूहळू खाली आली.

"लेकरं होती आत?" ते म्हणाले. "मला कुठं ठाऊक होतं!" ते खडकावर बसले आणि बराच वेळ त्यांनी तोंडावरचं फडकं काढलं नाही. मग म्हणाले, "पण हिरू, तुझ्या रताळ्यांचं काय?"

"तिला उडी मारता येत नाही, काका. चढतही नाही ती. खिंडारातून येते. ते बुजवू या. पण ती उकरते फार, म्हणून खालचे दगड खोल पुरायला हवेत."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"मी पाहिलं."

दुसऱ्या दिवशी पळसपाड्याची सगळी माणसं बांधावर आली. काकांनी चर खणला, गुडघाभर खोल. बायाबापड्यांनी ओहळातले दगड डोक्यावरून वाहून आणले आणि पोरांनी फटींत दगडाच्या चिपा ठोकल्या. दिवस मावळायच्या आत बांध सलग उभा राहिला. साळू दोन-तीनदा आली, कडेने हुंगत फिरली, आणि मग रानातले करांद्याचे कंद आणि पडलेली उंबरं शोधायला डोंगर चढून गेली. पाच सऱ्या राहिल्या त्या राहिल्याच.

बांध झाल्यानंतर चौथ्या दिवशी पहाटे हिरूला जाग आली ती किणकिण आवाजाने. तट्ट्याच्या प्रत्येक फटीतून उजेड आत येत होता, आणि आईच्या पायथ्याशी दहिवरी बसली होती.

"दहिवरी! पण माझ्या मागण्या तर संपल्या."

"संपल्या," परी म्हणाली. "पण वर्षातून एकदा मलाही काहीतरी मागता येतं. एरवी मी फुलं मागते, नाहीतर नवे पंख. यंदा म्हटलं, आधी हिरूच्या घरी जाऊन यावं."

तिने केसांतला एक थेंब काढला आणि आईच्या घोट्यावर सोडला. थेंब लखलखला. त्यातून निळा, पिवळा, पोपटी असा उजेड फुटला, भिंतींवर चढला, चुलीतल्या राखेवर सांडला. एवढंसं घर त्या उजेडाने काठोकाठ भरलं. मग तो उजेड तट्ट्यातून बाहेर पडला आणि गवतावरच्या दवात विरघळून गेला. परी त्यातच निघून गेली होती.

आई उठून बसली. तिने पाल्याची पट्टी सोडली. घोटा साधा, बारीक, पूर्वीसारखा होता. तिने आधी टाच टेकवली, मग पाऊल, मग सगळा भार टाकला. काही दुखलं नाही. ती एकदम हसली, लहान मुलीसारखी, आणि टोपली उचलून अनवाणीच दवातून रताळ्यांकडे चालू लागली, लांब लांब ढांगा टाकत.

"आई, थांब ना गं!" हिरू ओरडली.

पण आई कसली थांबतेय! कित्येक आठवड्यांनी हिरूला तिला गाठण्यासाठी धावावं लागलं.